माईकवरची टकटक

खालच्या वस्तीत कुणी वारलं, कुणाचं पोर हरवलं किंवा नळाला पाणी येणार नसलं, की भोंगेवाला सायकल बाहेर काढायचा. हँडलला बांधलेला भोंगा, कॅरियरवर बॅटरी आणि ॲम्प्लिफायरची पेटी, गळ्यात वायरने लटकवलेला माईक, असा सगळा संसार त्या सायकलवर. गल्लीच्या तोंडाशी एक पाय जमिनीला टेकवायचा आणि बोटाच्या पेराने माईकवर टकटक करायचा. टक, टक, टक. एवढं कानावर पडलं की बायका गॅस बारीक करून दारात येत, म्हातारे बिछान्यात उठून बसत आणि ज्यांचं भांडण चाललेलं असे ते भांडण तात्पुरतं थांबवत.

पैसे घेऊन करायच्या जाहिरातीला मात्र टकटक नसायची. चपलांचा सेल, गाद्यांचं दुकान, दातांचा दवाखाना, निवडणुकीतले हात जोडणारे पुढारी, या सगळ्यांना आधी गाण्याची धून आणि मग त्याचा आवाज. हा नियम त्याने कधी कुणाला समजावून सांगितला नव्हता, पण वस्तीला तो पाठ होता. धून वाजली की लोक म्हणायचे, "पोट भरतोय बिचारा, भरू दे," आणि आपापल्या कामाला लागायचे. टकटक झाली की ते खरं. डॉक्टरच्या सांगण्यावर दोनदा विचार करणारी माणसं टकटकीवर डोळे झाकून विश्वास ठेवायची.

आता हा धंदा त्याला लावून दिला होता ताईने. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, त्यामुळे ताई म्हणजेच त्याची आई आणि बाप सगळं. सुरुवातीला सायकल नव्हती तेव्हा हा पुढे बोलत चालायचा आणि मागून ताई ती वजनदार बॅटरी लेकराला घ्यावं तशी कमरेवर घेऊन यायची. तिच्या परकराला बॅटरीच्या ॲसिडने भोकं पडली होती. ती त्याला पोपट म्हणायची. "काय रे पोपट, आज कुणाचं पढवलेलं बोलून आलास?" तो हसायचा. त्याला त्यात कधी काही लागलं नाही.

वस्तीच्या वर, चढावर, कॉलनी होती. कॉलनीत बंगले, बंगल्यांत झाडं, झाडांना भर दुपारी पाइपने पाणी. वस्तीला दोन नळ आणि त्यांच्यापुढे कळश्यांची ही लांब रांग. रांगेत उभं राहून भरलेलं पाणी घरात ठेवायचं आणि वर जाऊन दुसऱ्यांच्या घरातलं भरपूर पाणी वापरून दुसऱ्यांची भांडी घासायची, हा वस्तीतल्या निम्म्या बायकांचा दिवस. ताई तिथे स्वयंपाकाला जायची. कॉलनीच्या सेक्रेटरीच्याच घरी.

कॉलनी आणि वस्ती यांच्या मध्ये एक मोकळं मैदान होतं. वस्तीला तिथे नळ, संडास आणि कामावर जाणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर हवं होतं. कॉलनीला हवं होतं गाड्या लावायला जागा आणि लग्नकार्याचा हॉल. आजवर अशा गोष्टी कुठल्या तरी बंद खोलीत ठरत आणि वस्तीला त्या बुलडोझर आल्यावर कळत. पण ताई आणि तिच्यासारख्या दहापाच कामवाल्या हट्टाला पेटल्या. दोन वर्षं त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. कामावरून परत येताना, पिशवी हातात, पाय सुजलेले, तशाच. शेवटी वॉर्ड ऑफिसच्या मॅडमनी मान्य केलं. मैदानाचं काय करायचं ते वॉर्डातल्या लोकांनी उघड्या सभेत हात वर करून ठरवायचं. जितके हात, तितकी मतं. बंगल्याचा हात मोठा आणि झोपडीचा लहान, असलं काही नाही.

सभा ठरली रविवारी सकाळी अकराला. वस्तीची माणसं कॉलनीच्या तिप्पट. ताईने घराघरांत जाऊन सगळ्या कामवाल्यांना त्या सकाळची रजा काढायला लावली. मालकिणींची तोंडं वाकडी झाली, पण रजा मिळाली. ताई त्या आठवड्यात अशी चालायची, की तिचे गुडघे दुखतात हे तीच विसरून गेली होती.

आणि शनिवारी दुपारी सेक्रेटरीने भोंगेवाल्याला बोलावून घेतलं.

व्हरांड्यात खुर्ची दिली. बसायला खुर्ची आणि चहा कपबशीत. कामाच्या माणसांसाठी मोरीपाशी वेगळा ठेवलेला ग्लास त्याला ओळखीचा होता, त्यामुळे कपबशी बघूनच त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण चहा चांगला होता. तो प्याला.

"उद्याची सभा अकराला नाही," सेक्रेटरी म्हणाला. "संध्याकाळी पाचला. वस्तीत सांगून टाक."

"ऑफिसनं बदलली का, साहेब?"

"ऑफिसचा फोन आला होता, असं समज." सेक्रेटरी हसला. वाईट माणूस वाटावा असा तो हसत नव्हता, हीच तर पंचाईत. "आणि हो, ते सुरुवातीला टकटक करतोस ना तू, ती विसरू नकोस. त्याशिवाय तुमची माणसं बाहेर येत नाहीत म्हणे."

भोंगेवाला बशीत सांडलेला चहा बघत बसला.

"हॉल झाला की तिथला माईक सांभाळायला कायमचा माणूस लागेल. पंख्याखाली बसून काम. तुझा घसाही आता बसायला लागलाय. कुठवर उन्हात फिरणार तू?"

घशाचं खरं होतं. सकाळी उठल्यावर तासभर आवाजच फुटायचा नाही. बायको मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावायची आणि चेष्टेने म्हणायची, की घरात एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवतेय. ती चेष्टा करायची, पण काळजी तिच्या डोळ्यांत दिसायची. आवाज गेला तर याला दुसरं काय येतं? काही नाही. हा विचार रोज त्याच्या मानेवर बसलेला असायचा, आणि सेक्रेटरीने नेमका त्यावरच बोट ठेवलं.

तर, त्याला कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं. "असं समज" याचा अर्थ न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. पण माणूस स्वतःला गंडवायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही. उतारावरून सायकल सोडताना त्याने मनाशी म्हटलं, बदललीही असेल वेळ, आपल्याला काय माहीत. ताईला विचारावं, असंही मनात आलं. ती दोन घरं पलीकडेच, दुपारच्या दुसऱ्या कामावर, भाजी चिरत होती, खिडकीतून तिचा हात दिसत होता. त्याने पायडल मारलं.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. बोट उचललं. धून लावावी आणि मग बोलावं, म्हणजे कुणी फारसं मनावर घेणार नाही, अशी एक पळवाट त्याला दिसली होती. त्याने बोट खाली आणलं. टक, टक, टक. बायका दारात आल्या. त्याने सांगितलं.

नंतर तो स्वतःला समजावणार होता, की माईक नीट चालतोय का ते तपासायला टकटक केली. माईक एकदम ठणठणीत होता. त्याने त्याच सकाळी त्याची वायर बदलली होती.

ताई त्याला संध्याकाळी तिच्या गल्लीत भेटली. दम लागलेला, केसांना घाम.

"वेळ बदलली? कुणी सांगितलं तुला?"

"ऑफिसचा निरोप आहे."

"मला नाही कळवलं ते?" ती क्षणभर गोंधळली. ऑफिस शनिवारी दुपारीच बंद झालेलं, विचारणार कुणाला? मग तिने पदराने मान पुसली. "जाऊ दे, तू म्हणतोस म्हणजे झालं. एवढ्या मिनतवाऱ्या करून रजा काढल्या आणि आता जाऊन सांगायचं, की येतो बाई कामाला. हसतील मेल्या." आणि ती परत घराघरांत सांगायला गेली, की उद्या सकाळी सगळ्यांनी कामावर जा, सभा पाचला आहे. त्याच्या खोट्याला तिने स्वतःच्या पायांनी घरोघर पोचवलं.

रविवारी तो तोंडावर चादर ओढून पडून राहिला. बायकोने विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, घसा.

काय झालं ते त्याला ताईकडूनच कळलं. सकाळी मालकीणबाईंनी तिला घाई केली होती, आज लवकर आवर म्हणून. अकराच्या सुमारास कॉलनीतल्या गाड्या एकामागून एक खाली उतरल्या, चालत पाच मिनिटांच्या मैदानाला. वस्तीच्या ज्या हातांनी वर व्हायचं होतं, ते हात तेव्हा कॉलनीच्याच घरांत होते, कुणाचे भांड्यांत, कुणाचे फरशीवर, ताईचे फोडणीत. वस्तीत घरी उरलेल्यांना वाटलं, संध्याकाळच्या सभेची मांडामांड चाललीय. तासाभराने मालकीणबाई परत आल्या त्या पंधराएक माणसं घेऊनच. सगळे खुशीत. चहा ठेव म्हणाल्या. झालं एकदाचं, मिटलं सगळं.

"चहा मीच केला रे त्यांच्यासाठी," ताई म्हणाली. ती त्याच्या घराच्या उंबऱ्यावर बसली होती. "कुणाला किती साखर तेसुद्धा विचारून विचारून घातली. काय मिटलं ते मला कप विसळताना कळलं."

भोंगेवाल्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. ताई काम आटपून खाली उतरेपर्यंत पाच वाजले होते, आणि वस्तीतली माणसं धुतलेले कपडे घालून, पोरांचे केस विंचरून मैदानावर गेली होती. तिथे मांडववाला खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत भरत होता. तो त्यांना म्हणाला, उशीर केलात की हो.

सोमवारी वॉर्ड ऑफिसात सगळे जमले. ताई, चारपाच बायका, सेक्रेटरी आणि भोंगेवाला. मॅडम म्हणजे कामाने पिचलेली, पण सरळ बाई. त्यांनी आधी सेक्रेटरीला विचारलं.

"मी तर अकराच सांगायला सांगितलं होतं," सेक्रेटरी म्हणाला. "साधा माणूस आहे. दिवसभर ढीगभर जाहिराती करतो. गडबड झाली असेल. त्याला रागावू नका."

मॅडम भोंगेवाल्याकडे वळल्या. "हे बघा, नीट सांगा. तुमच्या हातून चूक झाली असेल तर सभा झाली ती झाली, मला काही करता येणार नाही. पण कुणी मुद्दाम खोटं जाहीर करायला लावलं असेल, तर मी ती सभा रद्द करून पुन्हा घेऊ शकते. काय झालं?"

इतकं सोपं होतं ते. समोर ताट वाढून ठेवल्यासारखं. एक वाक्य बोलायचं, बस. पण त्या वाक्याला शेपूट होतं. सेक्रेटरीने खोटं सांगायला लावलं म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार, तुला माहीत होतं का? आणि ताई तिथे उभी होती, हातभर अंतरावर.

"गडबड झाली," तो म्हणाला. "माझीच."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "अरे, तू तर ऑफिसचा निरोप म्हणाला होतास."

"तसं वाटलं मला. घाईत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ आहे हा. मी वाढवलाय. चुकला असेल, पण जाणूनबुजून असं करणारा नाही. ते मी लिहून द्यायला तयार आहे." सेक्रेटरीने समजूतदारपणे मान हलवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. शुक्रवारी ठरावावर सही करणार, म्हणाल्या. तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर या.

जिन्यावरून उतरताना ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस." त्या हाताखाली त्याची पाठ आक्रसली. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग तो आठवडा. वस्तीने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याने सुखाने खाल्ल्या असत्या. पण वस्तीने त्याला माफ करून टाकलं, तेही न मागता. शेजारची आजी काढा घेऊन आली, म्हणाली, "बाबा, एवढं ओरडून ओरडून डोकं शिणणारच. घे." नळाच्या रांगेत बायकांनी त्याच्या बायकोला पुढे घेतलं, तिला वाईट वाटत असेल म्हणून. ती घरी येऊन हसत म्हणाली, "तुमच्या चुकीमुळे मला पाणी लवकर मिळालं." ते पाणी त्याच्या घशाखाली उतरेना. तो काढा त्याने मोरीत ओतला. लाज वाटून परत भांड्यात घ्यावा म्हटलं, तर तो वाहूनही गेला होता.

बुधवारी सेक्रेटरीचा माणूस सांगून गेला, की साहेबांना हॉलचं काम लक्षात आहे. याने फक्त मान हलवली. नको म्हणाला नाही. हेही लिहून ठेवायला हवं, की तो नको म्हणाला नाही.

गुरुवारी दुपारी ताई आली. उद्या सगळ्या वस्तीने मॅडमच्या ऑफिसवर जायचं ठरलं होतं. सभा रद्द होवो न होवो, एवढी माणसं आहोत हे तरी त्यांना दिसू दे, असं तिचं म्हणणं.

"आज चारच्या सुमाराला सगळ्या गल्ल्यांतून सांग. उद्या दहाला. आणि टकटक कर बाबा, नाहीतर कुणी यायचं नाही." ती उठता उठता म्हणाली, "काही जणी म्हणत होत्या, दुसऱ्या कुणाला तरी सांगू या. मी म्हटलं, का? माझा भाऊ मेलाय का?"

चारला तो पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. एक पाय जमिनीवर. टक, टक, टक.

दारं उघडली. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, आजी काठी टेकत. सगळ्या उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे बघू लागल्या. ताईही होती, मधल्या एका दारात. कुणाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. मागच्या शनिवारी एवढा घात झाला आणि तरीही ही माणसं गॅस बारीक करून बाहेर आली होती. त्याला वाटलं, आता जर मी फक्त उद्याचं सांगून पुढे गेलो, तर यापुढे माईकसमोर उभं राहायला मला तोंड नाही.

"उद्या दहाला वॉर्ड ऑफिसला जायचंय," तो म्हणाला. आवाज चिरका आला. "आणि दुसरं. मागच्या शनिवारी मी सांगितलं ते खोटं होतं. गडबड झाली नव्हती. सेक्रेटरीने सांगायला लावलं आणि मला माहीत होतं. हॉलमधलं काम देतो म्हणाला. मला माहीत असून मी टकटक केली."

गल्लीत एका खांद्यावरचं पोर तेवढं चुळबुळलं.

"ताई ऑफिसात माझ्यासाठी बोलली. तिला माहीत नव्हतं. तिच्याशीही मी खोटं बोललो. उद्या मॅडमपुढे मी हेच..." एवढ्यात भोंगा खरखरला आणि बंद पडला. बॅटरीची पकड निसटली होती. त्याचा उघडा, बसलेला आवाज दोन घरांपलीकडे जाईना. तो तसाच बोलत राहिला, ओठ हलत होते, पण मागच्या घरांना ऐकू येत नव्हतं.

ताई दारातून निघाली. बायका बाजूला झाल्या. ती येताना त्याच्याकडे बघतही नव्हती. तो थांबला. तिचा हात उठेल, असं त्याला वाटलं आणि त्याने मान खाली घातली, लहानपणी घालायचा तशी.

तिने कॅरियरवरची बॅटरी ओढून नीट बसवली. पकड दाबून घट्ट केली. किती वर्षांनी तिने ती बॅटरी हाताळली होती, पण बोटं चुकली नाहीत. मग तिने पेटीवरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. भोंग्यातून जोराची शिट्टी घुमली. तिचे डोळे भरले होते, आणि ते पुसायचं तिच्या मनात नव्हतं.

"मागच्या घरांना ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. पोपट म्हणाली नाही, बाबा म्हणाली नाही. "पहिल्यापासून सांग. आणि मग पुढच्या गल्लीत जा, तिथेही सांग. सगळ्या गल्ल्यांत, जिथे जिथे मी तुझ्यामागून सांगत फिरले, तिथे."

ती बाजूला सरकून भिंतीला टेकून उभी राहिली, बाकीच्या बायकांसारखीच, ऐकायला. त्याने माईक तोंडाशी घेतला आणि पुन्हा टकटक केली.